टॉनिकची बाटली आणि उदास मन

'मन उदास आहे' असे सांगत दवाखान्यात येणारा पेशंट आमच्या मराठवाड्यात विरळाच. नांदेडचा असो की लातूरचा, तो सांगतो ते असे : 'अंगात ताकद राहिली नाही, भूक मेली, पहाटे तीनलाच जाग येते, कामात जीव लागत नाही.' आणि लगेच मागणी असते सलाईनची, ताकदीच्या इंजेक्शनची, नाही तर टॉनिकची. हल्ली त्यात मोबाईलवर पाहून मागवलेल्या गोळ्यांच्या डब्यांचीही भर पडली आहे. या गोळ्यांनी नैराश्य जाते काय, असे मला अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर या लेखात पाहू.

ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज राहिली, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. पण काही वेळा कारण शरीरातही असते. हिमोग्लोबिन कमी असणे, थायरॉईडचे काम मंदावणे आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यातली मुख्य कारणे. ब-१२ हे दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. डाळी व भाजीपाल्यात ते जवळजवळ नसते. म्हणून दूध-दही कमी खाणाऱ्या शाकाहारी माणसाला याची कमतरता सहज होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही होते. तळपायांची आग, मुंग्या, विसराळूपणा ही तिची लक्षणे. अशा वेळी नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण नसांची हानी आतून चालूच राहते. म्हणून आधी रक्ततपासणी, मग गोळी, हा क्रम पाळावा.

कमतरता नसेल तर काय? अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या अठरा हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षे ड जीवनसत्त्व व माशाच्या तेलातले ओमेगा-३ देऊन पाहिले. २०२० व २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोहोंपैकी कशानेही नैराश्य टळले नाही. युरोपातील चार देशांत हजारावर लोकांना वर्षभर पूरक गोळ्या दिल्या. २०१९ मध्ये तोच निष्कर्ष निघाला. नैराश्य झालेल्यांना इपीए हा घटक जास्त असलेल्या ओमेगा-३ चा थोडा उपयोग काही प्रयोगांत दिसला आहे. पण तो औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. आपल्या जवसाच्या चटणीतही एक प्रकारचे ओमेगा-३ असते. मात्र शरीर त्यातले फार थोडे इपीएमध्ये बदलते. चटणी आवडीने खावी, ती आहार म्हणून उत्तमच आहे.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' हा समज मात्र सोडावा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. अश्वगंधेने क्वचित यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत; थायरॉईडच्या रुग्णांनी तर ती विचारूनच घ्यावी. सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास धोका संभवतो. गर्भनिरोधक व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. ज्यांना कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साहाचे झटके येतात, त्यांनी मनाने कोणतीही 'मूड'ची गोळी घेऊ नये. काहींनी उन्माद वाढू शकतो. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती जरूर वाचावी.

गोळ्यांवर पैसा जातो, पण त्याहून मोठे नुकसान वेळेचे आहे. नैराश्य बरे होणारे आहे. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने ते घ्यावे लागते. डबा आला म्हणून चालू औषध एकदम बंद करू नये. नापिकी व कर्जाने खचलेल्या घरात हा उशीर जिवावर बेततो. माणूस निरवानिरवीची भाषा करू लागला, तर 'जीव द्यावासा वाटतो काय?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन हलके होते. अशा घरी फवारणीचे औषध कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावे, माणसाला एकटे सोडू नये.

नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, येथे मानसोपचार विभाग आहेत. टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. वेळेवर जेवण, रोज अर्धा तास चालणे, पुरेशी झोप आणि दारू वर्ज्य, हे पथ्य उपचारांबरोबर पाळावे. टॉनिकची बाटली आणण्यापूर्वी एकदा डॉक्टरांपुढे मन मोकळे करावे.