पोथीचा शुद्ध पाठ कसा ठरतो?

देव्हाऱ्याजवळ लाल कापडात बांधून ठेवलेली जुनी पोथी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. पाने जीर्ण झाली, अक्षर लागेनासे झाले, की ती नदीत विसर्जित करावी असा विचार मनात येतो. तसे करण्यापूर्वी अशा पोथीचा ग्रंथसंशोधनाला काय उपयोग होतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

छापखाने येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हाताने नकलून घ्यावा लागे. नकलताना चुका होत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांसारखी अक्षरे एकमेकांसारखी दिसत. शब्द सलग लिहिलेले असल्याने ते कोठे तोडावयाचे, याचा घोटाळा होई. दोन ओळींचा शेवट सारखा असला, की नजर घसरून मधली ओळ गळे. कोणी समासात लिहिलेला खुलासा पुढचा लेखक मूळ ग्रंथातच घाली. अशा रीतीने एकाच ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले. ते पारखून मूळाच्या जवळचा पाठ शोधण्याच्या शास्त्रास पाठचिकित्सा म्हणतात.

ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत अशुद्धे शिरली, म्हणून संत एकनाथ महाराजांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली, आणि तीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, असे बजावूनही ठेवले.

आधुनिक काळातील या कार्याचा मोठा आदर्श म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती होय. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ साली झालेल्या निधनापर्यंत डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी त्याची धुरा वाहिली. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम आदी लिप्यांतील सुमारे साडेबाराशे हस्तलिखिते त्यासाठी उपयोगात आणली गेली. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेही १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाच्या सातही कांडांची अशी आवृत्ती प्रसिद्ध केली.

या पद्धतीत प्रथम सर्व प्रती अक्षरशः ताडून पाहतात. ज्या प्रतींत एकच विशिष्ट चूक आढळते, त्या बहुधा एकाच पूर्वप्रतीपासून निघालेल्या असतात. यावरून प्रतींची वंशावळ मांडता येते. येथे बहुमताला महत्त्व नसते. एकाच सदोष प्रतीवरून पन्नास नकला झाल्या, तरी त्यांची साक्ष एकीचीच धरली जाते. तसेच अवघड जुन्या शब्दाच्या जागी लेखकू सोपा शब्द घालण्याचा संभव अधिक असल्याने, अर्थास जुळणारा कठीण पाठ पुष्कळदा मूळाचा मानला जातो.

संशोधक पवित्र ग्रंथांची काटछाट करतात, अशी शंका काही भाविकांस येते. व्यासांनी सांगितले व श्रीगणेशांनी लिहून घेतले, ही कथा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य संहितेत नाही, हे ऐकून अनेकांस धक्का बसतो. परंतु ती टाकून दिलेली नाही. परिशिष्टात दिलेली आहे. प्रतींचा पुरावा कोणत्या भागास कितपत आहे, एवढेच संशोधक सांगतो. कथेवरील श्रद्धेचा निवाडा तो करीत नाही. गाळलेला प्रत्येक पाठ तळटिपेत वा परिशिष्टात नोंदविलेला असल्याने वाचकास संपादकाचा निर्णय स्वतः तपासता येतो.

म्हणूनच घरातील एखादी फाटकी पोथीही मोलाची ठरू शकते. तिच्या शेवटी बहुधा पुष्पिका असते. तीत नकलणाऱ्याचे नाव, शक व गाव आढळते. ते शेवटचे पान विशेष जपावे. पोथीस चिकटपट्टी लावू नये. कोरड्या सुती कापडात बांधून ओलाव्यापासून व वाळवीपासून दूर ठेवावी. सांभाळणे शक्य नसल्यास जवळच्या हस्तलिखित संग्रहालयाकडे सोपवावी, निदान तिची छायाचित्रे तरी घेऊ द्यावीत. ज्या प्रतीत एखादा जुना पाठ टिकून राहिला असेल, ती पाण्यात गेली तर तो पाठ पुन्हा मिळणे नाही.