बदामी भिंत आणि घरातला उजेड

गडद निळा किंवा लालभडक रंग निवडणाऱ्याची सहसा फसगत होत नाही. फसगत होते ती फिकट बदामी, बिस्किटी, शेड कार्डवर ‘बेज’च्या कप्प्यात बसणारे रंग निवडणाऱ्याची. दुकानात ऊबदार वाटलेला रंग बैठकीच्या खोलीत गुलाबी दिसतो, आतल्या खोलीत हिरवट, आणि संध्याकाळी ट्यूब लावली की चक्क राखाडी. मग पेंटरला बोल लागतो, नाहीतर दुकानदाराला. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. या रंगाची जातच अशी आहे.

टिंटिंग मशीनखाली बेजचा डबा तयार होताना नीट बघावा. डब्यात आधीच पांढरा बेस असतो. त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात मशीन थोडा पिवळा ऑक्साइड, जरासा तांबडा ऑक्साइड आणि किंचित काळा सोडतं. पिवळा आणि तांबडा दोन्ही लोहाचेच. जुन्या घरांत वापरली जाणारी पिवडी आणि गेरू यांचीच ही कारखान्यात शुद्ध केलेली भावंडं. पिवळ्यात पाण्याचा अंश रासायनिकरीत्या बांधलेला असतो. भाजल्यावर तो निघून जातो आणि पिवळी माती तांबडी होते. बेजमध्ये तांबडा थोडा जास्त पडला की रंग गुलाबीकडे झुकतो. पिवळ्यावर काळ्याची मात्रा चढली की हिरवटाकडे. रंगवाले ज्याला अंडरटोन म्हणतात तो हाच झुकाव, आणि एकटी पट्टी हातात धरली तर तो कळत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर चार बेज शेजारी शेजारी ठेवले, की कोण कुठे झुकलाय ते लगेच दिसतं.

आता मुख्य मुद्दा. समजा, बेज भिंतीवर पडलेल्या तांबड्या प्रकाशाचे १०० पैकी ८० भाग परत येतात आणि निळ्याचे ६०. ऊब म्हणतात ती एवढ्या फरकातच आहे. लालभडक भिंत निळा प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, त्यामुळे उजेड थोडा इकडेतिकडे झाला तरी ती लालच राहते. बेजला तेवढी शिल्लक नाही. घरात येणाऱ्या उजेडातच निळ्याचा वाटा एक-तृतीयांशानं जास्त असेल, तर ६०चे ८० होतात आणि हिशोब बरोबरीत सुटतो. आपला डोळा अशा बदलाशी बराचसा जुळवून घेतो, पण पूर्ण नाही. त्यातून खिडकीचा एक आणि दिव्याचा दुसरा असे दोन उजेड एकाच वेळी पडले, की त्याचाही गोंधळ उडतो.

आणि तसा निळसर उजेड प्रत्येक घरात असतोच. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. येतो तो हवेच्या रेणूंनी विखुरलेला आकाशाचा उजेड. तिथे पिवळ्या-तांबड्याकडे स्पष्ट झुकलेला बेजच ऊब टिकवतो. पश्चिमेच्या खोलीत उलट: तिथे तिसऱ्या प्रहरी सूर्यच भिंत पिवळी करतो, तेव्हा जरा करड्याकडे जाणारी छटा पुरे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे आणखी एक गंमत घडते. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत उत्तरेकडे राहतो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावतं, आणि पाठोपाठ ढग येऊन तोच उजेड सपाट, करडा होतो. रंगकाम मात्र आपण बहुधा दिवाळीच्या तोंडावर काढतो, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात. त्या उन्हात पसंत केलेला बेज जुलैत मळकट वाटला, तर नवल नाही.

रात्रीचा कारभार दिव्यांच्या हाती. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळा लेप त्यातल्या काही निळ्याचं पिवळ्यात रूपांतर करतो. खोक्यावर ६५०० केल्विन छापलेलं असेल तर उजेड निळसर, २७०० ते ३००० असेल तर पिवळसर. ऊबदार भिंतीसमोर ६५०० केल्विनची ट्यूब लावणं म्हणजे डब्यात मोजून टाकलेला पिवळा ऑक्साइड वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्याचं कापड दुकानात भिंतीशी तंतोतंत जुळतं आणि घरी फटकून वागतं, तेही उजेडामुळेच. भिंतीवर लोहाची ऑक्साइडं, कापडात निराळे रंग. प्रकाश शोषण्याची दोघांची तऱ्हा वेगळी. एका उजेडात दोन्हींची गोळाबेरीज सारखी येते, दुसऱ्यात नाही.

‘पांढरं’ कशाला धरायचं हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनाही चकवून गेला आहे. २००२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बॉल्ड्री यांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. आधी तो हिरवट-निळा जाहीर झाला. मग ध्यानात आलं, की संगणकप्रणालीत पांढऱ्याचा संदर्भबिंदूच चुकीचा होता. दुरुस्तीनंतर आलेला रंग म्हणजे फिकट बेज!

घरात हा संदर्भबिंदू बहुधा छत असतं. निळसर झाक असलेल्या झगझगीत पांढऱ्या छताखाली बेज पिवळट, जुनाट दिसतो. छताला किंचित दुधाळ पांढरा दिला की तोच भरून आल्यासारखा वाटतो. शेजारचा रंग असा परिणाम कसा करतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी गोबेलां या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्याच्या रंगशाळेत काम करताना ओळखलं आणि १८३९च्या ग्रंथात मांडलं. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. हिरवट कोटा फरशी बेजला गुलाबीकडे ढकलते, म्हणून तिथे आधीच गुलाबी असलेली छटा टाळावी. सागवानी दारं-चौकटी नारिंगीकडे असतात. त्यांच्याशेजारी हिरवट बेज आजारी दिसतो.

शेवटचा चकवा खोलीच्या आकारातला. एका भिंतीवरून निघालेला उजेड दुसरीवर आपटतो, तेव्हा ८०चे ६४ होतात आणि ६०चे ३६. पहिल्यांदा तांबडा निळ्यापेक्षा एक-तृतीयांशानं जास्त होता, आता जवळजवळ पावणेदोनपट झाला. म्हणून चारही भिंती रंगल्यावर रंग पट्टीपेक्षा गडद दिसतो. हे आधी बघायचं तर दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून ते पुस्तकासारखे काटकोनात उभे करावेत: मधल्या कोपऱ्यात रंग दाटलेला दिसेल. घराचा खरा रंग त्या कोपऱ्याच्या जवळपासचा. तो जड वाटला तर त्याच पट्टीवरची एक पायरी फिकट छटा घ्यावी. पुठ्ठे फरशीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावून बघावेत, तेही पूर्ण वाळल्यावर. ओल्या इमल्शनमधले पॉलिमरचे थेंब प्रकाश विखुरतात, वाळताना ते पारदर्शक होतात आणि रंग गडद होतो. पसंती झाली की लागतील तेवढे डबे एकदमच बनवून घ्यावेत आणि पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला सांगावं. काळ्याचा एखादा थेंब कमीजास्त पडला, तरी बेजमध्ये तो भिंतीच्या मधोमध दिसतो.