प्रवेशपरीक्षेनंतरची बारावी

कोकण विभागीय मंडळाचा बारावीचा निकाल राज्यात अग्रस्थानी असतो, याचा आम्हां सिंधुदुर्गातील शिक्षकांना अभिमान आहे. 2025 साली राज्याचा निकाल 91.88 टक्के, तर कोकणाचा 96.74 टक्के लागला. परंतु हे उत्तीर्णांचे प्रमाण होय. उत्तीर्ण होण्याची रेषा 35 गुणांची. महाविद्यालयाच्या दाराची रेषा निराळी. या दोहोंतील अंतराने आमच्याच वसतिगृहातील एका विद्यार्थ्याची वाट अडवली, म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत होते. त्याचा निकाल फेब्रुवारीत, बारावीची लेखी परीक्षा तोंडावर असताना हाती येतो. या मुलाचे पर्सेंटाइल उत्तम आले. आम्ही फलकावर त्याचे नाव लिहिले, मालवणी खाजे वाटले. प्रवेश झालाच, असे त्याने मानले. खरे तर आम्हीच त्याला तसे मानू दिले. पुढे पर्याय निवडण्याचा सराव चालू राहिला, सविस्तर उत्तरे लिहिण्याचा थांबला. इंग्रजीचे पुस्तक तर मिटलेच. बारावीला 63 टक्के पडले. एनआयटीच्या प्रवेशासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला बारावीत 65 टक्के, इतरांना 75 टक्के लागतात. अथवा मंडळाच्या गुणवत्तेत आपल्या प्रवर्गातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. ही टक्केवारी पाच विषयांची असते व तीत भाषाही येते. हाती आलेली जागा दोन टक्क्यांनी गेली.

प्रवेशपरीक्षा क्रम ठरविते, पात्रता बारावी ठरविते. राज्यातील अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, गणित व रसायनशास्त्रासारखा तिसरा विषय मिळून 45 टक्के, मागासवर्गीयांना 40 टक्के हवेत. म्हणजे तिन्ही विषयांत 35 घेऊन उत्तीर्ण झालेल्याचे 105 गुण होतात, आणि सवलत धरूनही 120 लागतात. वैद्यकीयला नीटखेरीज भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून 50 टक्के, मागासवर्गीयांना 40 टक्के आवश्यक. सवलतीने उंबरठा खाली येतो, नाहीसा होत नाही.

निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. पुरवणी परीक्षेला गुणसुधार योजनेखाली उत्तीर्ण विद्यार्थीही बसू शकतो. मुदती मात्र थोड्या दिवसांच्या असतात, आणि जेईईचे गुण त्या वर्षापुरतेच चालतात.

अशा वेळी मुले आम्हांला बाबासाहेबांचे गुण ऐकवितात. 1907 साली मॅट्रिकला त्यांना 750 पैकी 282 गुण होते, हे खरेच आहे. पण मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा होती. उत्तीर्ण होणे हाच प्रवेशाचा परवाना. क्रम आणि पात्रता तेव्हा एकाच कागदावर होती. अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलगा तेथवर पोहोचला, यासाठी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत सत्काराची सभा भरली. तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे गुरुजी आपल्याच वेंगुर्ले तालुक्यातील केळूसचे. सत्कार करून ते थांबले नाहीत; पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 साली बाबासाहेब बी.ए. झाले व 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले.

ती सभा निकालानंतर भरली होती. आमचे खाजे निकालाआधी वाटले गेले. आता प्रवेश निश्चित होईपर्यंत फलकावर नाव लिहीत नाही. तो मुलगा राज्याच्या सीईटीतून अभियांत्रिकीला गेला, सध्या दुसऱ्या वर्षात आहे. दिवाळीच्या सुटीत येतो तेव्हा बारावीच्या मुलांना ओळीने बसवून इंग्रजीची उत्तरे लिहवून घेतो.