पॅच पाठवण्याआधी: कोड तुम्ही लिहिला, पण हक्क कुणाचा?

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी लिनक्स कर्नलसाठी पहिला पॅच तयार केला. जेमतेम चाळीस ओळी. पाठवायच्या आदल्या दिवशी गाइडनी विचारलं, "हे फंक्शन कुठून आलं?" ते मी लॅबमधल्या एका सीनियरच्या जुन्या फोल्डरमधून उचललं होतं. तिथे लायसन्सची फाइल नव्हती, म्हणजे कुणीही वापरावं, असा माझा समज. प्रत्यक्षात नेमकं उलटं असतं. लायसन्स दिलेलं नसेल, तर सगळे हक्क मालकाकडेच राहतात. पॅच तिथेच थांबला.

तुमच्या संशोधनातला कोड उद्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जावा असं वाटत असेल, तर हे आधीच समजून घ्या.

लिनक्समध्ये कोड देताना तुम्ही कॉपीराइट कुणाच्या नावावर करून देत नाही. मालकी तुमची, किंवा तुमच्या संस्थेची, तशीच राहते. तुम्ही फक्त परवानगी देता. कर्नलचं लायसन्स जीपीएल आवृत्ती 2. म्हणजे कुणीही कोड वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. पण बदललेला कर्नल दुसऱ्याला दिला, तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यायचा. हजारो लोकांची मालकी अशी विखुरलेली असल्यामुळे हे लायसन्स आता बदलणं जवळजवळ अशक्य आहे. 2007 मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तरी कर्नल दुसरीवरच राहिला.

मग तुम्ही दिलेला कोड खरंच तुमचा आहे हे कसं ठरवायचं? हा प्रश्न 2003 मध्ये ऐरणीवर आला. युनिक्सवर आपला हक्क सांगणाऱ्या एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला. आयबीएमनं युनिक्समधला कोड लिनक्समध्ये घातला, असा आरोप होता. त्यानंतर, 2004 मध्ये, लिनस टोरवाल्ड्स यांनी 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' आणलं. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि आपलं नाव लिहिलं, की तुम्ही जाहीर करता: हा कोड मी लिहिला आहे, किंवा योग्य लायसन्सच्या कोडवर बेतला आहे, आणि तो देण्याचा मला हक्क आहे. ती नोंद कायम राहते. एक ओळ, पण जबाबदारी पूर्ण तुमची.

फ्रीबीएसडीची तऱ्हा वेगळी. तिथे बीएसडी लायसन्स चालतं: कॉपीराइटची सूचना आणि अटी कायम ठेवा, बाकी बदललेला सोर्स उघड करायची सक्ती नाही. त्यामुळे साध्या बीएसडी अटींवरचा कोड लिनक्समध्ये जाऊ शकतो. पण लिनक्समधला जीपीएल कोड बीएसडी म्हणून पुढे देता येत नाही. रस्ता एकेरी आहे. प्रोजेक्ट निवडतानाच हे बघा.

आता आपल्याकडचा मुद्दा. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. फेलोशिपवरचा विद्यार्थी म्हणजे नोकर नव्हे. तरी संस्थेची आयपी पॉलिसी आणि प्रायोजक कंपनीशी झालेला करार यांत काय लिहिलंय, ते महत्त्वाचं. माझं घोडं इथेच अडलं. सीनियरनं ते फंक्शन एका प्रायोजित प्रोजेक्टमध्ये लिहिलं होतं, आणि परवानगीच्या पत्राला दोन महिने उत्तरच आलं नाही. शेवटी ते काढून टाकलं आणि वेगळ्याच पद्धतीनं पॅच लिहिला.

म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी तीन गोष्टी वहीत टिपा: कोणता भाग कुठून आला, त्याचं लायसन्स काय, आणि माझ्या कामाचे पैसे कोण देतंय. तिसऱ्याचं उत्तर 'मी स्वतः' नसेल, तर आधी गाइडना विचारा, लेखी घ्या, आणि मगच सही करा.