पाळणाघराचा उंबरठा

आजी-आजोबा दूर गावी, आई-वडील दोघेही नोकरीवर आणि घरी लहान मूल, अशी स्थिती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची आहे. त्यांना पाळणाघर ही चैन नव्हे, गरज असते. महिला मंडळाच्या सभागृहात किंवा एखाद्या भगिनीच्या राहत्या घरी चालणारे छोटेसे पाळणाघर अनेकांच्या संसाराची घडी सावरून धरते. परंतु मुलाला ऐकू येत नसेल, त्याच्या पायांत बळ नसेल, ते नजरेला नजर देत नसेल किंवा त्याला आकडी येत असेल, तर त्याच दाराशी आईला बहुधा सौम्य शब्दांत उत्तर मिळते, ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ असे म्हणणारी व्यक्ती दुष्ट नसते, ती भ्यालेली असते. पण त्या उत्तरापायी आईची नोकरी सुटते आणि मुलाला समवयस्कांचा सहवास मिळत नाही.

ही ‘सोय’ म्हणजे काय, हे पाहण्यापूर्वी आपल्या बालशिक्षणाचा उगम आठवू या. डॉ. मारिया माँटेसरी यांनी प्रथम शिकविले ते त्या काळी ‘मंदबुद्धी’ ठरवून रोमच्या वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलेल्या मुलांना. इटार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ अभ्यासून, हातांनी चाचपून शिकता येईल अशी साधने त्यांनी वापरली. त्यांतील काही मुले सामान्य मुलांच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह उघडले, ते याच अनुभवाच्या पायावर. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, ताराबाई मोडक तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींचा विचार आपल्या घरांत आला तो या वाटेने. म्हणजे आपल्या बालवाडीची कितीतरी साधने मुळात जगाने टाकून दिलेल्या मुलांनी आपणांस दिली आहेत. त्यांच्याच भावंडांना आपण दाराबाहेर ठेवावे, हे कृतघ्नपणाचे नव्हे काय?

‘अंगणवाडी’ या शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. १९४५ साली बोर्डीला ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने काम आरंभिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांत काय उणे आहे हे न शोधता, आपल्या व्यवस्थेत काय बदलावे हे त्यांनी शोधले. आपणही तेथूनच आरंभ करावा.

आता प्रत्यक्ष सोय. पायरीला उतरण हवी असेल, तर एक इंच उंचीला एक फूट लांबी, हे साधे प्रमाण लक्षात ठेवावे. सहा इंचांच्या पायरीस सहा फूट पुरतात. दृष्टिहीन मुलासाठी सामानाच्या जागा वारंवार बदलू नयेत, आणि जवळ जाताना आपले नाव सांगावे. ऐकू कमी येणाऱ्या मुलाशी समोर बसून, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे बोलावे. मूठ घट्ट वळत नसेल, तर चमच्याच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करावा. स्वमग्न मुलाला अकस्मात झालेला बदल आणि मोठा आवाज अनेकदा असह्य होतो. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा आणि एक कोपरा शांत राखावा. आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपेक्षा अधिक चालल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. यांतील बहुतेक गोष्टींना पैशांपेक्षा लक्षच अधिक लागते.

परप्रांती राहणाऱ्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. घरी मराठी आणि बाहेर गुजराती, हिंदी, कन्नड वा तेलुगू ऐकणारे मूल उशिरा बोलू लागले, की ‘दोन भाषांमुळे गोंधळले आहे’ असे म्हणून आपण निश्चिंत होतो. दोन भाषांमुळे वाणीचा दोष उत्पन्न होत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, तर प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. उलट पक्षी, पाळणाघरातील ताईंनी नुसत्या अनोळखी भाषेमुळे गप्प बसलेल्या मुलाला मागासलेले समजू नये. त्याच्या चार-पाच गरजांचे मराठी शब्द आईकडून लिहून घ्यावेत.

इतर पालकांची शंका रास्त असते, ‘आमच्या मुलांकडे दुर्लक्ष तर होणार नाही?’ हात अपुरे असतील, तर होईल. म्हणून एक मदतनीस वाढवावी आणि तिच्या वेतनाचा भार सर्वांनी मिळून उचलावा, एकट्या त्या कुटुंबाने नव्हे. शिवाय चित्रांचा क्रम आणि शांत कोपरा सर्वच मुलांना मानवतो. आपल्या आवाक्याबाहेरचे वैद्यकीय काम मात्र धाडसाने अंगावर घेऊ नये. ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे आणि आईशी विचारविनिमय करून लिहून ठेवावे.

शासनाचे साहाय्यही आहे. २ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवेतील अंगणवाड्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांविषयीची मार्गदर्शिका निघाली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत पुढील उपचारांची केंद्रे आहेत. २०१६ च्या कायद्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. मात्र त्या कायद्याने दिलेला विनामूल्य शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतचा आहे. त्यापूर्वीची वर्षे, ज्यांत भाषा, चालणे आणि मैत्री घडते, ती मोठ्या अंशी कुटुंबाच्या आणि शेजाराच्या हाती राहतात.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. मंडळाच्या पुढील सभेत हा एकच विषय घ्यावा. आपल्या वस्तीत अशी मुले किती, त्यांची घरे कोणती, याची चौकशी दोन भगिनींनी आपुलकीने करावी आणि प्रथम एका मुलाला आठवड्यातून दोन सकाळी बोलवावे. पहिले काही दिवस आईलाही सोबत बसू द्यावे. तिच्याइतके त्या मुलाला कोणी जाणत नाही. एका मुलासाठी बदललेले पाळणाघर दुसऱ्याला ‘सोय नाही’ असे सांगणार नाही.