डोंबिवली-ठाण्यात जुना फ्लॅट घेताय? टाइल्स नंतर बघा!

डोंबिवलीचं रामनगर, टिळकनगर, ठाण्याचं नौपाडा. स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायटीतला फ्लॅट त्याच भागातल्या नव्या टॉवरपेक्षा बराच स्वस्त पडतो. मला तर हीच घरं आवडतात.

पण आधी इमारत बघा, मग घर. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. अहवाल सोसायटीकडे मागा. महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातली कृष्णा निवास कोसळून १२ जण गेले, हे विसरू नका.

दुसरं, कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं. नसेल तर जमीन अजून बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते. बिल्डरने दिलं नाही तरी मोफा कायद्याखाली डीम्ड कन्व्हेअन्स मिळतं, पण सोसायटीने अर्ज तरी केलाय का, ते विचारा.

आता घर. गंजलेले जीआय पाइप आणि अर्थिंग नसलेलं वायरिंग आधी बदला. ‘ओपन किचन’ची हौस असेल तर जरा थांबा: लोड-बेअरिंग इमारतीत किचन-हॉलमधली भिंतच वरचे मजले पेलत असू शकते. रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू असतील, तर मॉड्युलर किचनवर लाखो उधळू नका. (रंग मात्र खुशाल काढा!)

आणि हो, महापालिका हद्दीत सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेऊ शकते. ‘डोनेशन’ मागितलं तर नियम दाखवा.