न भरणाऱ्या जखमेखालचं हाड

सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल, तर आतल्या हाडाला जंतुसंसर्ग झाला आहे का, हे पाहायलाच हवं. पायाचा रक्तपुरवठा कमी असला की सूज आणि लाली फारशी दिसत नाही. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असल्या तर दुखतही नाही. तापही बहुधा नसतो. म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात.

पहिली तपासणी अगदी साधी आहे: डॉक्टर निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालतात. टोकाला टणक हाड लागलं, तर संशय बळावतो. रक्तातला ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, ७० च्या वर गेला, तर आणखी.

एक्स-रे मात्र सुरुवातीचे दोन-तीन आठवडे निर्दोष दिसू शकतो. एमआरआयमध्ये बदल लवकर कळतो. नेमका जंतू कोणता, हे हाडाचा तुकडा तपासूनच खात्रीने सांगता येतं. जखमेवरून पुसून घेतलेला नमुना फसवतो.

रक्तपुरवठाही त्याच वेळी मोजावा. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी भरला, तर धमन्या अरुंद झाल्या असाव्यात. पण मधुमेहात धमन्या कॅल्शियमने कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरावा, कारण रक्तच पोचत नसेल तर प्रतिजैविकंही हाडापर्यंत पुरेशी पोचत नाहीत.